रोम गेलं, लॅटिन राहिली: जर्मानिक राजे आणि ख्रिस्ती धर्म यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसवी सन 400 ते 800 या काळातल्या युरोपबद्दल बहुतेकांना शाळेतलं एवढंच आठवतं: रानटी टोळ्या आल्या, रोम बुडालं, अंधार पडला. मग एकदम फ्रँकांचा राजा शार्लमेन, आणि पुढे धर्मयुद्धं. मधल्या चारशे वर्षांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण ती माझ्या आवडीची आहेत.

‘जर्मानिक’ म्हणजे आजचे जर्मन लोक का?

नाही. गॉथ, व्हँडल, फ्रँक, बर्गंडियन, सॅक्सन, अँगल, लोंबार्ड असे हे अनेक गट. त्यांच्या भाषा एका कुळातल्या, म्हणून पुढे अभ्यासकांनी त्यांची एक मोट बांधली. ‘आपण सारे जर्मानिक’ अशी भावना त्यांच्यात नव्हती. एकमेकांशी ते रोमइतकेच, कधी कधी त्याहून जास्त लढले. शिवाय ‘टोळी’ म्हणजे एका रक्ताचं गोत असंही समजू नका. सरदार जिंकायला लागला की त्याच्यामागे वाटेल तिथले लोक जमत, आणि दोन पिढ्यांत सगळेच स्वतःला गॉथ म्हणवू लागत.

हे लोक रोम बुडवायला आले होते का?

आले होते आसरा मागायला. हूणांचा रेटा मागून आला, तेव्हा 376 साली हजारो गॉथ डॅन्यूब नदीच्या काठावर येऊन थांबले आणि त्यांनी सम्राट व्हॅलेन्सकडे आत येण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. पण छावणीतल्या रोमन अधिकाऱ्यांनी धान्याचा काळाबाजार मांडला. अमियानस हा त्या काळचा इतिहासकार, स्वतः रोमन सैन्यात राहिलेला. तो लिहितो की अधिकाऱ्यांनी गावोगावची कुत्री गोळा केली आणि उपाशी गॉथांना खायला विकली. भाव होता एका कुत्र्याला एक गुलाम, आणि त्या गुलामांत सरदारांची पोरंही होती. दोन वर्षांनी, 378 मध्ये, एड्रियानोपलच्या लढाईत याच गॉथांनी रोमन सैन्य कापून काढलं. व्हॅलेन्सही तिथेच पडला.

410 साली गॉथांचा नायक अलॅरिक याने रोम शहर तीन दिवस लुटलं, हे खरं. त्याआधी मात्र तो कित्येक वर्षं जमीन, धान्य आणि रोमन सेनापतीचं पद मागत होता. लुटीच्या वेळी संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमध्ये जे शिरले त्यांना हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. अलॅरिक स्वतः ख्रिस्ती होता.

मग 476 साली नेमकं काय झालं?

ओडोअ‍ॅकर या सेनानायकाने रोम्युलस ऑगस्टुलस नावाच्या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं. मारलं नाही, नेमणूक बांधून दिली आणि दक्षिणेतल्या एका वाड्यात पाठवून दिलं. राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला, पूर्वेच्या सम्राटाकडे, परत गेली, निरोप असा की पश्चिमेला वेगळा सम्राट नको, तुम्ही एकटे पुरे. रोममध्ये सिनेट भरत राहिली, कर गोळा होत राहिला. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास वाकाटक हरिषेणाच्या राज्यात अजिंठ्याची लेणी खोदली जात होती. तिथल्या कारागिरांना जशी या घटनेची खबर नव्हती, तशी ती इटलीतल्या पुष्कळ शेतकऱ्यांनाही नसावी, असं मला वाटतं.

आले तेव्हा ते मूर्तिपूजक होते ना?

फ्रँक, अँगल, सॅक्सन होते. गॉथ, व्हँडल, बर्गंडियन हे मात्र बहुतांशी ख्रिस्ती होऊनच राज्यकर्ते झाले, आणि त्याचं मोठं श्रेय उल्फिलास या बिशपकडे जातं. गॉथांनी आशिया मायनरमधून पकडून नेलेल्या ख्रिस्ती कैद्यांचा हा वंशज, गॉथांतच वाढलेला. चौथ्या शतकात त्याने बायबल गॉथिक भाषेत आणायला घेतलं. गॉथिकला पुस्तकं लिहिण्याजोगी लिपी नव्हती, तर मुख्यतः ग्रीक अक्षरांवरून त्याने ती बसवली. एक इतिहासकार सांगतो की ‘राजे’ हा भाग उल्फिलासने मुद्दाम गाळला: त्यात लढायाच लढाया, आणि गॉथांना लढाईची आवड आधीच भरपूर!

या भाषांतराची एक प्रत आज स्वीडनमधल्या उप्साला इथे आहे. जांभळ्या रंगात रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत गॉथ राजा थिओडोरिकच्या राज्यात ती तयार झाली असावी. ‘रानटी’ हा शब्द वापरण्याआधी त्या पानाचं छायाचित्र एकदा पाहा.

गॉथांच्या पंथाला ‘एरियन’ म्हणतात, म्हणजे आर्य का?

अजिबात नाही, फक्त उच्चार जवळचा. एरियस हा अलेक्झांड्रियाचा एक धर्मगुरू. त्याचं म्हणणं असं: पिता तो पिता, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याने घडवला, म्हणून तो थोर असला तरी पित्याच्या बरोबरीचा नाही. 325 साली निकिया इथल्या धर्मसभेने हे मत फेटाळलं आणि पिता-पुत्र एकाच तत्त्वाचे असल्याचं ठरवलं. तरी वाद मिटला नाही. पुढची पन्नासेक वर्षं काही सम्राट एरियसच्या मताकडे झुकणारे होते, व्हॅलेन्स त्यांतलाच. गॉथांनी धर्म घेतला तो याच काळात, म्हणून दरबारात जे चालू होतं तेच त्यांनी घेतलं. 381 नंतर दरबार निकियाच्या बाजूला पक्का झाला आणि गॉथ जुन्या मतावर राहून गेले. सरकारने नियम बदलावा आणि आधी अर्ज भरलेल्यांनी अडकून पडावं, तशातला प्रकार.

एवढ्या बारीक मतभेदाने राज्यकारभारात काय फरक पडला?

पुष्कळ पडला. राजा आणि त्याचं सैन्य एरियनपंथी, आणि ज्यांच्यावर राज्य करायचं ते लाखो रोमन प्रजाजन कॅथलिक, म्हणजे निकियाचं मत मानणारे. दोघांची चर्च वेगळी, बिशप वेगळे. लग्नसंबंध अवघड. आफ्रिकेतल्या व्हँडल राजांनी कॅथलिकांचा छळ केला, बिशपांना हद्दपार केलं. इटलीत थिओडोरिकने उलट वाट धरली. जेनोआच्या ज्यूंना त्याच्या दरबारातून गेलेल्या एका पत्रात म्हटलंय की धर्म आम्ही हुकमाने लादू शकत नाही, कारण मनाविरुद्ध कोणाला श्रद्धा ठेवायला लावता येत नाही. सहाव्या शतकातल्या राजाकडून हे वाक्य येतं! अर्थात हाच थिओडोरिक 493 साली ओडोअ‍ॅकरला तहाच्या मेजवानीला बोलावून स्वतःच्या हाताने कापून सत्तेवर आला होता, आणि म्हातारपणी संशय बळावल्यावर त्याने बोईथियससारख्या विद्वान मंत्र्याला देहदंड दिला. माणसं एकरंगी नसतात.

त्याची राजधानी राव्हेना. तिथे त्याने बांधलेल्या चर्चच्या भिंतीवर, बारीक रंगीत तुकड्यांच्या मोझेकमध्ये, त्याचा राजवाडा दाखवला आहे. खांबांच्या मधे एके काळी माणसं उभी होती, बहुधा राजा आणि त्याचे दरबारी. 540 मध्ये पूर्वेच्या सम्राटाने राव्हेना जिंकलं, चर्च कॅथलिकांकडे गेलं आणि ती माणसं उखडून त्यांच्या जागी पडदे बसवले गेले. पण कारागिरांनी खांब तसेच ठेवले. त्यामुळे आजही निरखून पाहिलं तर पांढऱ्या खांबांवर काही हात दिसतात, पंजा आणि मनगट. मालक गायब.

फ्रँक राजा क्लोव्हिसच्या बाप्तिस्म्याला, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या जलसंस्काराला, एवढं महत्त्व का देतात?

कारण त्याने एरियन थांबा गाळला आणि थेट कॅथलिक पंथात उतरला.

क्लोव्हिस 481 च्या सुमारास, जेमतेम पंधरा-सोळाव्या वर्षी, फ्रँकांच्या एका छोट्या गटाचा राजा झाला. रँसचे बिशप रेमिजियस यांनी त्याला तेव्हाच पत्र धाडलं: तुमच्या बिशपांचा सल्ला घेत जा, राज्य नीट चालेल. राजा मूर्तिपूजक, तरी बिशप त्याला कारभार शिकवतोय. कारण सरळ होतं. गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, रोमन अधिकारी उरले नव्हते. शहराचे तंटे, अन्नछत्र, कैद्यांची सुटका, सगळं बिशपच पाहत होते. हे बिशप बहुधा जुन्या सरदार घराण्यांतले. तूरचा बिशप ग्रेगरी, ज्याच्यामुळे क्लोव्हिसच्या गोष्टी आपल्याला माहीत आहेत, सांगतो की त्याच्या आधीच्या तूरच्या बिशपांपैकी पाच सोडून बाकी सगळे त्याच्याच नात्यातले. बिशपची गादीही घराण्यात चालत होती.

ग्रेगरीची सर्वांत गाजलेली गोष्ट भांड्याची. 486 साली सोआसाँ जिंकल्यावर लुटीत चर्चचं एक मोठं सुंदर भांडं आलं. बिशपने ते परत मागितलं. क्लोव्हिस सैन्याला म्हणाला, माझ्या वाट्याच्या वर हे भांडं मला जादा द्या. सगळे हो म्हणाले, एकाने मात्र कुऱ्हाड उचलून भांड्यावर घातली: ‘चिठ्ठीत निघेल तेवढंच मिळेल!’ क्लोव्हिस गप्प बसला. वर्षभराने सैन्याची पाहणी करताना तो त्याच माणसापुढे थांबला, शस्त्रं गंजलीत म्हणून त्याची कुऱ्हाड जमिनीवर फेकली, आणि तो ती उचलायला वाकला तशी आपली कुऱ्हाड त्याच्या डोक्यात घातली. ‘सोआसाँला तू भांड्याचं असंच केलं होतंस.’ ग्रेगरीने हे जवळजवळ शंभर वर्षांनी लिहिलं, त्यामुळे शब्दन् शब्द खरा मानायचं कारण नाही. पण टोळीच्या नायकाचा राजा कसा झाला, ते या गोष्टीइतकं चटकन दुसरं काही सांगत नाही. आधी तो चिठ्ठीतल्या वाट्याला बांधलेला, नंतर कोणालाच नाही.

त्याची राणी क्लोटिल्ड ही बर्गंडियन राजकन्या, पण कॅथलिक. तिने पहिल्या मुलाला बाप्तिस्मा दिला आणि ते मूल बाप्तिस्म्याच्या कपड्यांतच गेलं. क्लोव्हिस भडकला: माझ्या देवांच्या नावाने केलं असतं तर जगलं असतं. दुसराही आजारी पडला, पण वाचला. पुढे अलमान्नी या दुसऱ्या जर्मानिक लोकांशी लढताना हार समोर दिसू लागली, तेव्हा त्याने क्लोटिल्डच्या देवाला नवस केला आणि जिंकला. नवसाला पावणारा देव तो आपला देव, हा हिशेब वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. रँसमध्ये रेमिजियसच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. परंपरेने वर्ष 496 मानतात, काही अभ्यासक तो 508 पर्यंत पुढे नेतात. ग्रेगरी म्हणतो, त्याच्यासोबत 3,000 हून अधिक सैनिकांनीही घेतला.

लगेचच फळ मिळालं. 507 मध्ये व्हुईएच्या लढाईत त्याने एरियन व्हिसिगॉथांना, म्हणजे गॉथांच्या पश्चिमेकडच्या शाखेला, हरवून दक्षिण गॉल घेतलं, आणि त्याला ‘धर्मरक्षणाचा’ रंग देता आला. पूर्वेच्या सम्राटाने मानाचं पद पाठवलं. ते मिळाल्यावर क्लोव्हिस जांभळ्या अंगरख्यात घोड्यावर बसून तूरच्या रस्त्याने सोन्याचांदीची नाणी उधळत गेला.

बाकीच्या राजांनीही पंथ बदलला का?

हळूहळू. स्पेनमध्ये व्हिसिगॉथ राजा रेकारेड 587 साली कॅथलिक झाला आणि 589 च्या टोलेडो धर्मसभेत राज्यानेच तो पंथ स्वीकारला. राजा-प्रजा एक झाली, पण त्याची किंमत ज्यूंनी भरली: जाचक कायदे आले, आणि काही दशकांतच सक्तीचे बाप्तिस्मेही सुरू झाले. इटलीत 568 मध्ये उतरलेल्या लोंबार्डांना सातवं शतक बरंच सरेपर्यंत वेळ लागला. व्हँडलांचा प्रश्नच उरला नाही, 534 पर्यंत त्यांचं राज्यच संपलं होतं.

राजाने बाप्तिस्मा घेतला की प्रजा आपोआप ख्रिस्ती?

‘यथा राजा तथा प्रजा’ इथे अर्धंच खरं आहे. इंग्लंडचं उदाहरण घ्या. पोप ग्रेगरी (तूरचा नव्हे, रोमचा) याने पाठवलेला ऑगस्टीन सुमारे 40 जणांसह 597 साली केंटला उतरला. राजा एथेलबर्टची राणी बर्था ही फ्रँक आणि आधीपासून ख्रिस्ती, म्हणजे दार अर्धं उघडं होतं. तरी राजाने पाहुण्यांना पहिली भेट उघड्यावर दिली. छपराखाली ते जादूटोणा करतील अशी भीती. पुढे तो ख्रिस्ती झाला, पण 616 मध्ये वारल्यावर मुलगा एडबाल्ड जुन्या देवांकडे गेला आणि सावत्र आईशीच लग्न लावून बसला. नंतर वळला. ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड तर फारच व्यवहारी: एकाच देवळात एक वेदी ख्रिस्ताची आणि एक छोटी जुन्या देवांची. घरच्या देव्हाऱ्यातल्या गर्दीची सवय असलेल्या आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. बीड या मठवासी इतिहासकाराला मात्र ते फार खटकलं.

पोप ग्रेगरीनेही आपलं धोरण दूत प्रवासात असतानाच बदललं. 601 साली एथेलबर्टला त्याने लिहिलं की जुनी देवळं पाडा. महिनाभरात इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस या धर्मगुरूमार्फत दुसरा निरोप: देवळं पाडू नका. मूर्ती नष्ट करा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी मांडा. लोकांना बैल कापून जेवणावळी घालायची सवय आहे ना, मग घालू द्या, पण संतांच्या सणाला. उंचावर चढणारा पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही.

नॉर्थम्ब्रियाच्या एडविन राजाने 627 साली बाप्तिस्मा घेतला, त्याआधी दरबारात खल झाला. एक सरदार म्हणाला: हिवाळ्यात आपण शेकोटीभोवती जेवत असताना एक चिमणी एका दारातून आत येते आणि दुसऱ्यातून बाहेर जाते. आत असते तेवढा वेळ ऊब. आधी काय, नंतर काय, ठाऊक नाही. आपलं आयुष्य तसंच. ही चिमणी सगळे सांगतात. मला त्याच बैठकीतला पुजारी कोइफी जास्त आवडतो. त्याचं म्हणणं: माझ्याइतकी या देवांची सेवा कोणी केली नाही, तरी बढत्या दुसऱ्यांनाच मिळाल्या, म्हणजे या देवांत दम नाही. मग तोच भाला घेऊन आपलं देऊळ भ्रष्ट करायला निघाला.

राजांना या सगळ्यातून काय मिळालं?

कारकून मिळाले. हे थट्टेने म्हणत नाही. टोळीचं राज्य राजाच्या तलवारीपुरतं आणि त्याच्या आयुष्यापुरतं असतं. दानपत्र, कायदा, कराची नोंद, दूरच्या दरबाराशी पत्रव्यवहार यांना लिहिणारे लागतात, आणि लिहिणारे चर्चमध्ये होते. थिओडोरिक सही करायला सोन्याच्या पट्टीत कोरलेली अक्षरं वापरायचा, अशी एक जुनी, बहुधा खवचट, गोष्ट आहे. त्याची पत्रं लिहायला कॅसिओडोरससारखा रोमन होता.

एथेलबर्टचा कायदा इंग्रजीतला पहिला लिखित कायदा, आणि तो ऑगस्टीन आल्यावरच लिहिला गेला. पहिलंच कलम: चर्चची मालमत्ता चोरली तर बारा पट भरपाई. राजाची चोरली तर नऊ पट! त्यापुढे अवयवांचं दरपत्रक: अंगठा 20 शिलिंग, अंगठ्याचं नख 3, पुढचे दात प्रत्येकी 6. फ्रँकांच्या कायद्यात एखाद्याला ‘कोल्हा’ म्हटलं तर 3 सोन्याची नाणी दंड, आणि डुकरांच्या चोरीवर अख्खं प्रकरण. स्वतंत्र फ्रँकाला मारलं तर 200 नाणी, जमीनदार रोमनाला मारलं तर 100. हे दर आज विचित्र वाटतात, पण त्यांचा हेतू शहाणा होता: खुनाला खून ही साखळी पैशावर तोडायची.

धर्मांतरात बळजबरी झाली का?

झाली, आणि सर्वांत उघड सॅक्सनांवर. शार्लमेनने 772 साली त्यांचा पवित्र स्तंभ इर्मिन्सुल पाडला, तिथून तीसेक वर्षं युद्ध चाललं. 782 मध्ये व्हेर्डेन इथे एका दिवसात 4,500 सॅक्सनांची मुंडकी उडवली, असं फ्रँकांच्याच बखरी सांगतात. मग कायदा आला: बाप्तिस्मा नाकारून लपला तर मृत्युदंड, प्रेत जाळलं तर मृत्युदंड, धर्माची अवहेलना म्हणून उपवासाच्या काळात मांस खाल्लं तर मृत्युदंड. त्याच्याच दरबारातला अल्क्विन हा इंग्रज विद्वान याने अस्वस्थ झाला. त्याने लिहिलं की माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ओढत नेता येतं, श्रद्धेपर्यंत नाही. आणि सॅक्सनांचा विश्वास उडाला तो चर्चच्या दशमांश करामुळे.

या आधी बॉनिफेससारखे प्रचारक राजाच्या पाठबळावर पण तलवारीविना फिरले होते. गाइस्मारला ‘थॉर’ या गडगडाटाच्या देवाचा ओक वृक्ष त्याने लोकांच्या डोळ्यांदेखत तोडला, वीज पडली नाही, आणि त्याच लाकडाचं प्रार्थनाघर उभं केलं. 754 मध्ये फ्रिसियात, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडे, तो मारला गेला.

फ्रँक जिंकले, मग फ्रेंच भाषा लॅटिनची लेक कशी?

जिंकणारे मूठभर होते. 429 साली आफ्रिकेत उतरलेले व्हँडल बायकापोरांसह 80,000 सांगितले जातात, आणि प्रजा लाखोंनी. त्यात चर्च, शाळा, कागदपत्रं, सगळं लॅटिनमध्ये. फ्रँकांनी देशाला नाव दिलं, ‘युद्ध’ या अर्थाचा ‘गेर’सारखे काही शब्द दिले, आणि स्वतःची भाषा सोडून दिली. ब्रिटनमध्ये उलट झालं, तिथे अँगल-सॅक्सनांची भाषाच टिकली. इंग्रजीतल्या आठवड्यात ट्यूज्डे, वेन्सडे, थर्सडे, फ्रायडे हे आजही जुन्या देवदेवतांचे वार आहेत. चर्चला ते काढता आले नाहीत.

मुंबईतल्या ‘गॉथिक’ इमारतींचा गॉथांशी काय संबंध?

काहीही नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा राजाबाई टॉवर ज्या शैलीचे वारस, ती बाराव्या शतकात पॅरिसच्या परिसरात उगवली, गॉथांची राज्यं बुडून चारशेहून अधिक वर्षं झाल्यावर. पुढे इटलीतल्या कलावंतांना ती शैली ओबडधोबड वाटली, म्हणून त्यांनी शिवी म्हणून ‘गॉथिक’ म्हटलं. शिवीच नाव होऊन बसली.

आणि शार्लमेनला सम्राट कोणी केलं?

पोप लिओ तिसरा याने, 25 डिसेंबर 800 रोजी, रोमच्या संत पीटर चर्चमध्ये. पाया आधीच घातला होता: 751 साली शार्लमेनच्या बापाने, पेपिनने, जुन्या राजाला हटवण्यापूर्वी पोपला विचारून घेतलं होतं की ज्याच्याकडे खरी सत्ता आहे त्याने राजा व्हावं की नाही. उत्तर हवं तेच आलं. बदल्यात पेपिनने लोंबार्डांकडून जिंकलेला मुलूख पोपला दिला.

शार्लमेनच्या मठांमधून सुबक, गोल, सुटसुटीत लॅटिन अक्षर घडलं. आज छापली जाणारी इंग्रजीची लहान अक्षरं त्याच्याच वंशातली. सम्राट स्वतः मात्र लिहिण्यात कच्चा. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की तो पाट्या आणि कोरी पानं उशीखाली ठेवायचा, सवड मिळाली की अक्षरं गिरवायचा. पण सुरुवात फार उशिरा केली होती, हात काही बसला नाही.